रायचूरचा विजेता

पंढरपूरचा विठोबा विजयनगरास नेला गेला व एकनाथ महाराजांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत आणला, अशी कथा वारकरी सांगतात. त्या कथेतील राजा म्हणजे कृष्णदेवराय. नरसा नायकाचा हा पुत्र १५०९ साली विजयनगरच्या सिंहासनावर बसला. वृद्ध प्रधान तिम्मरसू यास तो पित्याच्या ठिकाणी मानी. गजपतींचे उदयगिरी व कोंडविडू हे बळकट किल्ले त्याने जिंकले आणि तलवार गाजविणाऱ्या त्याच हाताने ‘आमुक्तमाल्यदा’ हे तेलुगू काव्यही लिहिले.

परंतु त्याची खरी कसोटी लागली ती रायचूरला. कृष्णा व तुंगभद्रा यांमधील सुपीक प्रदेशातील हा किल्ला विजापूरच्या ताब्यात होता. १५२० साली कृष्णदेवरायाने त्यास वेढा घातला. इस्माईल आदिलशहा मोठा तोफखाना घेऊन कृष्णा उतरला. पाठीशी नदी ठेवून लढणे धोक्याचे. पण त्याचा सारा भरवसा तोफांवर होता. १९ मे रोजी विजयनगरची आघाडी चालून जाताच त्या तोफांचा भडिमार झाला. सैनिकांचे सडे पडले. उरलेले मागे पळू लागले.

राजाने या वेळी आपली अंगठी एका सेवकाच्या हाती दिली. आपण पडल्यास ती राण्यांना दाखवावी, असे सांगून तो घोड्यावर स्वार झाला व दुसरी फळी घेऊन स्वतः पुढे निघाला, असे पोर्तुगीज इतिहासकार नुनिश नमूद करतो. विजापूरचे सैन्य पाठलागाच्या भरात विस्कळीत झाले होते, आणि तोफा पुन्हा ठासून भरण्यास वेळ लागतो. कृष्णदेवरायाने ती उसंतच दिली नाही. शत्रू नदीत लोटला गेला. तोफखाना हाती आला.

किल्ला मात्र झुंजत राहिला. त्याच्या तोफा इतक्या उंचावर होत्या की, तटाच्या पायथ्याशी कुदळींनी दगड उपटणाऱ्यांवर त्यांचा मारा पोहोचेना. राजाच्या बाजूस फिगेरेदो नावाचा पोर्तुगीज वीस बंदूकधाऱ्यांसह होता. तटावर डोकावणाऱ्यांस ते अचूक टिपीत. अखेर किल्लेदारच गोळीने पडला आणि किल्ला शरण आला.

या विजयाने राजास गर्व झाला. आदिलशहाने येऊन आपल्या पायाचे चुंबन घ्यावे, अशी अट त्याने घातली. एवढ्या रसिक राजास हे शोभले नाही. आदिलशहा अर्थातच आला नाही. तोफांवाचूनही रण जिंकता येते, अशी विजयनगरची समजूत झाली. विजापूरने मात्र आपला तोफखाना सुधारला. १५२९ साली कृष्णदेवराय निवर्तला आणि लवकरच रायचूर पुन्हा आदिलशहाने घेतले.