मेजर कँडी आणि 'हॅव'चे मराठी

शाळेत असताना गुरुजींनी मला उभे करून 'आय हॅव अ ब्रदर' या वाक्याचे मराठी विचारले. 'टु हॅव' म्हणजे 'जवळ असणे' असे मी पाठ केले होते. 'माझ्याजवळ एक भाऊ आहे,' असे मी ठोकून दिले आणि सारा वर्ग हसला. इंग्रजांना एका शब्दात सांगता येते ते आपल्याला येत नाही, म्हणजे आपली भाषाच अपुरी, असे तेव्हापासून माझ्या मनाने घेतले. हा गैरसमज दूर झाला तो मेजर टॉमस कँडी यांच्या चरित्रामुळे.

कँडी यांचा जन्म १८०४ चा, इंग्लंडमधला. कंपनी सरकारच्या लष्करात नोकरीसाठी ते तरुणपणीच हिंदुस्थानात आले. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला. त्यात टॉमस आणि त्यांचे जुळे बंधू जॉर्ज या दोघांचाही हात होता. पुढे इंग्रजी-मराठी कोशाचे काम चालू असता मोल्सवर्थ यांची प्रकृती ढासळली व ते मायदेशी गेले. ते अर्धवट काम कँडींनी अंगावर घेतले आणि १८४७ मध्ये तडीस नेले. पुण्याची संस्कृत पाठशाळा त्यांनी सांभाळली, शालेय पुस्तकांची मराठी तपासली, मराठी लेखनात विरामचिन्हे रुळविली. १८७७ साली त्यांचे निधन झाले. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी शिपाईगिरीसाठी आलेला हा माणूस अखेरपर्यंत मराठीचाच होऊन राहिला.

पहिल्या कोशात मराठी शब्द समोर होता, त्याचा अर्थ सांगायचा होता. दुसऱ्यात वाट उलटी. 'हॅव'सारखा शब्द आला की एका शब्दाने भागत नाही. मला भाऊ आहे, माझ्याजवळ पैसे आहेत, आम्हांला शेत आहे, अंगात ताप आहे, मी जेवलो आहे, मला गावी जावे लागते. इंग्रजीत सगळीकडे एकच 'हॅव'. मराठीत मात्र नाते वेगळे, खिशातला पैसा वेगळा, दुखणे वेगळे आणि नाइलाज तर त्याहून वेगळा. अशा जागी कोशकाराला शब्दाआधी माणसांचे बोलणे ऐकावे लागते.

उदगीरला हे ऐकायला लांब जावे लागत नाही. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. कर्नाटकची सीमाही जवळ. त्यामुळे बाजारात मराठी, उर्दू, कन्नड एकाच वेळी कानांवर पडतात. यांपैकी कोणत्याही भाषेत माणूस ताप 'बाळगत' नाही, त्याला ताप 'असतो'. दूरच्या जपानी भाषेतही तेच. तेथे भाऊ असला तर 'इरू' आणि पैसा असला तर 'आरू', म्हणजे सजीवाचे असणे निराळे व निर्जीवाचे निराळे. मग अपुरे कोण?

एका परक्या माणसाने आपल्या भाषेपुढे विद्यार्थी होऊन उमेदीची वर्षे घालविली. आपण तिच्याच घरात जन्मलो आणि इंग्रजीच्या तासाला तिची लाज वाटून घेतो. आता भाषांतर करताना अडलो की मी आधी स्वतःला विचारतो, हे माझी आई कसे म्हणेल? बहुतेक वेळा उत्तर तेथेच सापडते. भाऊ जवळ नसतो, भाऊ असतो. माझा तर पुण्याला असतो.