शनिवार तेल्यांचा सामाजी

आमच्या अकोल्याकडे म्हाताऱ्या माणसांजवळ तेलघाणीच्या गोष्टी पुष्कळ. पण शनिवारी घाणा बंद ठेवणारे 'शनिवार तेली' मला कळले ते इथे होस्टेलवर, अलिबागकडच्या रूममेटकडून. आधी थापच वाटली. मग लायब्ररीत बसलो आणि एक माणूस सापडला, सामाजी हसाजी दिवेकर. नाव अस्सल मराठी, धर्म ज्यू! सामाजी म्हणजे सॅम्युएल, हसाजी म्हणजे एझिकेल.

मित्रांनो, ज्यूंचा प्राचीन इतिहास म्हणजे उजाड होणं आणि पुन्हा उभं राहणं. जेरुसलेमचं पहिलं मंदिर इ.स.पूर्व 586 मध्ये बाबिलोनने पाडलं, दुसरं इ.स. 70 मध्ये रोमनांनी. अशाच एका धामधुमीत काही जण जहाजाने निघाले, नवगावजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, असं बेने इस्रायली परंपरा सांगते. पोथ्या समुद्रात गेल्या. उरलं काय? शनिवारची विश्रांती, सुंता, शेमा ही प्रार्थना आणि बिनखवल्याचे मासे न खाणं. एवढ्यावर त्यांनी कोकणात शेकडो वर्षं आपली ओळख टिकवली. बोली मात्र मराठी झाली.

सामाजी ह्याच समाजाचे. कंपनी सरकारच्या फौजेत अधिकारी असताना दुसऱ्या म्हैसूर युद्धात (1780-84) ते टिपूच्या कैदेत पडले. त्यांनी आपण बेने इस्रायल असल्याचं सांगितलं, तेव्हा कुराणात उल्लेख असलेली ही माणसं प्रत्यक्ष पाहून टिपूच्या आईनेच रदबदली केली, अशी आख्यायिका आहे. सुटलो तर प्रार्थनामंदिर बांधीन, हा नवस त्यांनी 1796 साली मुंबईत मांडवीला फेडला. बेने इस्रायलींचं ते मुंबईतलं पहिलं सिनेगॉग. लोक त्याला जुनी मशीद म्हणत. मस्जिद स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं म्हणतात. पण मंदिर झालं तरी समुद्रात गेलेली पोथी हवीच होती. ती आणायला सामाजी कोचीनला गेले आणि 1797 मध्ये तिथेच वारले, असं सांगतात.

हे वाचलं आणि माझीच मला लाज वाटली. पुण्या-मुंबईची पोरं रूमवर असली की आईशी फोनवर वऱ्हाडी बोलताना मी आवाज बारीक करायचो. त्या लोकांनी चार आठवणींवर आख्खा समाज जगवला, अन् मला चार वर्षं आपली बोली सांभाळता येऊ नये?

त्या रात्री घरी फोन लावला. सगळे रूमवरच होते. चांगला मोठ्यानं बोललो गड्या, वऱ्हाडीत!