विश्लेषण : भावाच्या दफनावरून पेटलेलं बंड ८५ वर्षं कसं टिकलं? कोण होता बोहोलचा डागोहोय?

फिलिपिन्सच्या बोहोल बेटावर पर्यटक जातात ते ‘चॉकलेट हिल्स’ पाहायला. गवताने झाकलेल्या, जवळपास एकसारख्या दिसणाऱ्या हजारभराहून अधिक टेकड्या उन्हाळ्यात तपकिरी होतात आणि लांबून चॉकलेटच्या गोळ्यांसारख्या दिसतात. याच डोंगराळ भागात १७४४ ते १८२९ अशी सलग ८५ वर्षं स्पेनची सत्ता चालत नव्हती. या काळात मनिलामध्ये वीस गव्हर्नर-जनरल आले आणि गेले. फिलिपिन्सच्या इतिहासातलं हे सर्वांत दीर्घकाळ चाललेलं बंड. ते सुरू केलं फ्रान्सिस्को डागोहोय याने. तो राजा नव्हता, सेनापतीही नव्हता. तो स्पॅनिश कारभारातला गावपातळीवरचा एक करवसुली मुखिया होता.

बोहोल नेमकं आहे कुठे?

फिलिपिन्सच्या मध्यभागी विसाया नावाचा बेटांचा समूह आहे. त्यात सेबू बेटाच्या पूर्वेला, एका सामुद्रधुनीपलीकडे बोहोल आहे. मुख्य बेट आणि भोवतीची सत्तरहून अधिक छोटी बेटं मिळून हा प्रांत बनतो. राजधानी टागबिलारन, लोकसंख्या २०२०च्या जनगणनेनुसार सुमारे १३ लाख ९४ हजार. बहुतेक मोठी गावं किनाऱ्यावर आहेत. आतला भाग चुनखडीच्या दगडाचा. पावसाचं किंचित आम्लधर्मी पाणी हा दगड लाखो वर्षं विरघळवत राहतं, त्यातून गुहा, जमिनीखालचे प्रवाह आणि टेकड्या तयार होतात. चॉकलेट हिल्स ही याच प्रक्रियेची देणगी. डागोहोयच्या बंडाची अर्धी गोष्ट या भूगर्भशास्त्रात आहे, म्हणून ते आधी सांगितलेलं बरं.

स्पेनशी बोहोलची पहिली ठळक भेट झाली १५६५ मध्ये. मिगेल लोपेझ दे लेगाझ्पी याची जहाजं इथे आली, तेव्हा स्थानिक लोक त्यांना पाहूनच पळाले. दोन वर्षांपूर्वी पोर्तुगीजांनी आपण स्पॅनिश असल्याचं भासवून बेटावर हल्ला केला होता, त्याचा तो धसका. गैरसमज दूर झाल्यावर स्थानिक सरदार सिकातुना आणि लेगाझ्पी यांनी हातातून रक्ताचे थेंब काढून, पेयात मिसळून एकमेकांचे प्यायले. या रक्तमैत्रीचं शिल्प आज टागबिलारनमध्ये आहे आणि तिथे फोटो काढल्याशिवाय सहल पूर्ण होत नाही. मैत्रीनंतर काय झालं, हे मात्र त्या शिल्पात दिसत नाही.

‘घंटेच्या आवाजाखाली’ म्हणजे काय?

सोळाव्या शतकाच्या अखेरीस जेझुइट पंथाचे धर्मगुरू बोहोलमध्ये आले. बाक्लायोन आणि लोबोक इथे त्यांनी बस्तान बसवलं. विखुरलेल्या वस्त्यांमधल्या लोकांना एकत्र आणून चर्चभोवती गाव वसवायचं, ही स्पॅनिश वसाहतीची ठरलेली पद्धत होती. चर्चच्या घंटेचा आवाज पोहोचतो तिथवर राहणारा माणूस म्हणजे प्रजाजन, असा त्याचा साधा अर्थ. घंटा ऐकू आली की प्रार्थना, हजेरी आणि कर. सोळा ते साठ वयाच्या पुरुषांना वर्षाला चाळीस दिवस वेठबिगारी करावी लागे. जहाजांसाठी लाकूड तोडणं, रस्ते, इमारती, सगळं त्यातून होई. बोहोलची जी देखणी प्रवाळ-दगडी चर्च आज ‘वारसा’ म्हणून दाखवली जातात, त्यांचे दगड कोणी वाहिले, याचं उत्तर इथे मिळतं.

याला विरोध आधीही झाला होता. १६२१ मध्ये टाम्ब्लोट नावाच्या स्थानिक पुजाऱ्याने लोकांना जुन्या देवतांकडे परतण्याची हाक दिली. ते बंड काही महिन्यांत मोडून काढण्यात आलं. मोडणाऱ्या फौजेत स्पॅनिश थोडे आणि शेजारच्या बेटांवरचे स्थानिक सैनिकच जास्त होते.

डागोहोय कोण होता?

त्याचं मूळ नाव फ्रान्सिस्को सेंद्रिहास असल्याचं मानलं जातं. वायव्य किनाऱ्यावरच्या इनाबांगा गावात तो ‘काबेसा दे बारांगाय’ होता. बारांगाय म्हणजे काही कुटुंबांची वस्ती, आणि काबेसा म्हणजे तिचा मुखिया. वस्तीतून कर गोळा करून सरकारजमा करणं हे त्याचं मुख्य काम. बदल्यात त्याला स्वतःला कर आणि वेठबिगारी माफ. म्हणजे कोण किती देतो, कोणाकडे थकबाकी आहे, कोण डोंगरात पळून गेला आहे, हे सगळं माहीत असलेला हा माणूस होता. बंडासाठी याहून उपयुक्त माहिती दुसरी कोणती?

‘डागोहोय’ हे नाव दोन विसायन शब्दांपासून आलं असं सांगतात. ‘डागोन’ म्हणजे ताईत आणि ‘हुयुहोय’ म्हणजे मंद वारा. वाऱ्याच्या ताईतामुळे तो एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर तरंगत जातो, अंधाऱ्या गुहेतही त्याला दिसतं, अशी लोकांची श्रद्धा होती. अनेक तोंडं असलेल्या गुहेत एका बाजूने शिरून भलतीकडेच बाहेर पडणाऱ्या माणसाबद्दल अशी आख्यायिका तयार होणं फारसं आश्चर्याचं नाही.

ठिणगी कशी पडली?

परंपरेने सांगितली जाणारी हकिकत अशी. इनाबांगाचा जेझुइट धर्मगुरू गास्पार मोरालेस याने ख्रिस्ती धर्म सोडून पळालेल्या एका माणसाला पकडून आणण्याचा हुकूम दिला. हे काम आलं गावातल्या शिपायावर. तो डागोहोयचा भाऊ. पळालेल्या माणसाने प्रतिकार केला आणि दोघांच्या झुंजीत भाऊ मारला गेला. डागोहोय मृतदेह घेऊन चर्चकडे आला. मोरालेसने ख्रिस्ती पद्धतीने दफन करण्यास नकार दिला. कारण असं की मृत्यू द्वंद्वयुद्धात झाला आणि चर्चला द्वंद्व निषिद्ध आहे.

ज्याच्या हुकमाने तो मेला, त्यानेच त्याला माती नाकारली. मृतदेह तीन दिवस तसाच पडून राहिला. अखेर डागोहोयने भावाला स्वतःच पुरलं आणि आपल्या वस्तीला कर देणं आणि वेठीला जाणं थांबवायला सांगितलं. सुमारे तीन हजार लोक त्याच्यासोबत डोंगरात गेले.

मात्र केवळ भावाच्या सुडापोटी हे घडलं, असं म्हणणं अपुरं ठरेल. बंडाच्या सुरुवातीलाच, २४ जानेवारी १७४४ रोजी जुझेप्पे लाम्बेर्ती हा इटालियन जेझुइट धर्मगुरू मारला गेला. तो हाग्ना गावचा. इनाबांगा बेटाच्या वायव्येला, तर हाग्ना थेट दक्षिण किनाऱ्यावर. लाम्बेर्तीचा त्या दफनाशी काही संबंध नव्हता. असंतोष आधीच बेटभर होता, दफनाच्या नकाराने त्याला निमित्त आणि नेता दिला. मोरालेसही पुढे बंडखोरांच्या हातून मारला गेला. बंडखोरांनी जेझुइटांच्या सान झेवियर नावाच्या मोठ्या जहागिरीवर हल्ला करून धान्याची कोठारं लुटली आणि गुरं, म्हशी, घोडे आपसात वाटून घेतले. एका निःशस्त्र, असंबंधित धर्मगुरूची हत्या ही या कहाणीतली अवघड बाजू आहे. आज डागोहोयला वीर म्हणताना ती सहसा वगळली जाते.

८५ वर्षं टिकण्याचं गणित काय?

पहिलं कारण भूगोल. इनाबांगा नदी बेटाच्या आतल्या भागातून वाहत किनाऱ्याला येते, तिच्या काठाने वर गेलं की टेकड्या आणि गुहांचा प्रदेश लागतो. तोफा ओढत नेता येतील असे रस्ते नव्हते. डोंगराच्या खोऱ्यांत पाणी होतं, भात आणि कंदमुळं पिकत होती. म्हणजे वेढा घालून उपासमार करणंही शक्य नव्हतं. गनिमी काव्याला याहून सोयीची जमीन मिळणं कठीण.

दुसरं कारण, स्पेनचे हात दुसरीकडे अडकलेले होते. दक्षिणेकडून मोरो मुस्लिमांच्या नौका किनाऱ्यावर धाडी घालून माणसं पळवून नेत. बोहोलच्या किनाऱ्यावरचे दगडी टेहळणी बुरूज या भीतीतून उभे राहिले. मारिबोहोक इथला पुंता क्रूझचा बुरूज १७९६चा. बंदुका समुद्राकडे रोखलेल्या, पाठीमागे डोंगर मोकळा. त्यातच १७६२ मध्ये ब्रिटिशांनी मनिलाच जिंकलं आणि १७६४ पर्यंत ताब्यात ठेवलं. ती मोहीम मद्रासहून निघाली होती, त्यात भारतीय शिपाईही होते. त्यातले काही परत गेलेच नाहीत, मनिलाजवळच्या काइन्ता गावात स्थायिक झाले.

तिसरं कारण सर्वांत महत्त्वाचं. डागोहोयने केवळ फौज नाही, तर पर्यायी वस्ती उभारली. तिथे घरं होती, शेती होती, कर नव्हता. किनाऱ्यावरच्या गावांतून वेठबिगारीला कंटाळलेले लोक येत राहिले आणि तीन हजारांचे वीस हजार झाले. १७४७ मध्ये पेद्रो लेचुगाच्या नेतृत्वाखाली मोहीम पाठवली गेली. काही चकमकी जिंकून ती परतली. सेबूचा बिशप एस्पेलेता याने समजूत काढून पाहिली, तीही निष्फळ. १७६८ मध्ये स्पेनच्या राजाच्या आदेशाने जेझुइट फिलिपिन्समधून हद्दपार झाले आणि त्यांच्या जागी बोहोलमध्ये रेकोलेक्ट पंथाचे धर्मगुरू आले. म्हणजे ज्यांच्याशी मूळ भांडण, तेच गेले. नव्या धर्मगुरूंनी बोलणी केली, काहींना माफी मिळाली, बाप्तिस्मेही झाले. तरी डोंगरातली वस्ती संपली नाही. भांडण केवळ एका धर्मगुरूशी असतं, तर ते इथे मिटायला हवं होतं.

डागोहोयचं पुढे काय झालं?

तो पकडला गेला नाही आणि रणातही पडला नाही. बंड संपण्याच्या बऱ्याच आधी वार्धक्याने किंवा आजाराने त्याचा मृत्यू झाला, असं मानलं जातं. त्याच्याबद्दलच्या लिखित नोंदी बहुतांशी स्पॅनिश अधिकारी आणि धर्मगुरूंच्या, म्हणजे विरोधी बाजूच्या. नेता गेल्यावर बंडं विस्कटतात. हे विस्कटलं नाही, कारण तोवर डोंगरात दुसरी-तिसरी पिढी वाढत होती.

शेवट केला गव्हर्नर-जनरल मारियानो रिकाफोर्ट याने. अमेरिका खंडातल्या बहुतांश वसाहती नुकत्याच गमावलेल्या स्पेनला आता फिलिपिन्सवरची पकड ढिली पडू द्यायची नव्हती. १८२७ मध्ये २,२०० सैनिकांची मोहीम गेली. ती लढाया जिंकली, पण बंड मोडू शकली नाही. १८२८ मध्ये कॅप्टन मानुएल सान्झ याच्या नेतृत्वाखाली दुसरी मोहीम उतरली आणि वर्षभराहून अधिक काळ झुंजून ३१ ऑगस्ट १८२९ रोजी बंड संपलं. स्पॅनिश नोंदींनुसार १९,४२० जण शरण आले, सुमारे तीन हजार इतर बेटांवर पळाले, ३९५ लढाईत मारले गेले आणि ९८ जणांना हद्दपार करण्यात आलं.

शरण आलेल्यांपैकी बहुतेकांचा जन्मच डोंगरात झालेला होता. त्यांनी कधी कर भरला नव्हता, हजेरी दिली नव्हती. त्यांना माफी देऊन बातुआन, कातिगबियान यांसारख्या नव्या गावांत वसवण्यात आलं. पुन्हा चर्च आणि घंटा.

आज बोहोलमध्ये त्याच्या काय खुणा आहेत?

१९५६ मध्ये बेटाच्या आतल्या भागात डागोहोय नावाची स्वतंत्र नगरपालिका स्थापन झाली. डानाओ इथली त्याची गुहा दाखवली जाते. बातुआन आज चॉकलेट हिल्सच्या परिसरातलं गाव आहे. २०२३ मध्ये युनेस्कोने बोहोलला ग्लोबल जिओपार्कचा दर्जा दिला, फिलिपिन्समधला हा पहिलाच. त्याला लपवणारा चुनखडीचा दगड आता अधिकृत वारसा आहे.

त्याआधी, १५ ऑक्टोबर २०१३ रोजी ७.२ रिश्टर तीव्रतेच्या भूकंपाने बेट हादरलं. लोबोक, लोओन आणि मारिबोहोकची जुनी चर्च कोसळली, बाक्लायोनच्या चर्चची मोठी पडझड झाली. पुढच्या काही वर्षांत दगड न् दगड जुळवत ती पुन्हा उभारण्यात आली. भूकंपाला कारणीभूत ठरलेला जमिनीतला भ्रंश तोवर कोणत्याही नकाशावर नव्हता. जमीन फाटून सुमारे तीन मीटर उंचीची भिंतच वर आली, तेव्हा तो लक्षात आला. ते ठिकाण इनाबांगा नगरपालिकेच्या हद्दीत आहे.