विल्यम हिगिनबॉथम : खेळ आणि हिशेब

इंदूरला राजेंद्रनगरच्या पुढे, सुखनिवास तलावाच्या परिसरात अणुऊर्जा खात्याचे एक मोठे संशोधन केंद्र आहे. १९८४ साली त्याची पायाभरणी झाली तेव्हा त्याचे नाव नुसते प्रगत तंत्रज्ञान केंद्र असे होते. इंग्रजी आद्याक्षरांवरून इंदूरकर त्याला आजही 'कॅट'च म्हणतात. २००५ साली त्याला डॉ. राजा रामण्णा यांचे नाव देण्यात आले. आपल्या नियतकालिकाच्या कन्नड विभागाच्या वाचकांना हे नाव परके नाही. रामण्णा मूळचे तुमकूरचे. माझे मामा इंदूरला असतात, म्हणून राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने केंद्र लोकांना पाहण्यास खुले असताना मला तेथे जाण्याचा योग आला. इंडस-१ आणि इंडस-२ ही तेथील मोठी यंत्रे. इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने वळणावर फिरवले की ते प्रकाश बाहेर टाकतात, आणि त्या प्रकाशाचा संशोधनासाठी उपयोग करतात, एवढे मला समजले. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने याहून अधिक समजल्याचा आव आणू नये. मात्र एक गोष्ट शास्त्र न शिकताही दिसत होती. तक्ते आणि फलक यांच्यासमोरून लोक भराभर पुढे सरकत होते. जेथे हाताने काही फिरवायला किंवा दाबायला मिळत होते तेथे मात्र मुलांना ओढून न्यावे लागत होते.

नेमकी हीच अडचण १९५८ साली अमेरिकेत एका शास्त्रज्ञाला जाणवली, आणि तिच्यावर त्याने काढलेल्या तोडग्यामुळे आज त्याचे नाव व्हिडिओ गेमच्या इतिहासात पहिल्या पानावर घेतले जाते. त्याला स्वतःला हे पान फारसे मानवले नव्हते. त्याचेच चरित्र मी येथे थोडक्यात सांगणार आहे.

विल्यम आल्फ्रेड हिगिनबॉथम यांचा जन्म २५ ऑक्टोबर १९१० रोजी कनेक्टिकट राज्यातील ब्रिजपोर्ट येथे झाला. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. बालपण न्यूयॉर्क राज्यातील कॅलेडोनिया या लहान गावी गेले. १९३२ साली ते विल्यम्स कॉलेजातून पदवीधर झाले. ते मंदीचे वर्ष होते. पुढे पदार्थविज्ञानाच्या अभ्यासासाठी ते कॉर्नेल विद्यापीठात गेले, पण डॉक्टरेट काही हाती आली नाही. प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉनिक्सची उपकरणे जुळवण्याचे काम ते करीत राहिले. पदवीच्या मानाने हे कमीपणाचे वाटेल, परंतु पुढे त्यांच्या हातून जे जे घडले ते सारे या हातकामातूनच घडले. स्वभावाने ते मोकळे आणि उत्साही होते. अ‍ॅकॉर्डियन वाजवण्याचा त्यांना नाद होता. राजा रामण्णाही उत्तम पियानो वाजवीत. अणूच्या कामात पडलेल्या माणसांना संगीताची एवढी ओढ का असावी, हे एखाद्या प्राध्यापकांनी पुढच्या अंकात लिहावे.

१९४१ साली हिगिनबॉथम मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील रडारच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. विमानाच्या रडारने टिपलेले दृश्य काचेच्या पडद्यावर प्रकाशाच्या ठिपक्यांनी उमटवायचे, असे तेथील काम होते. हा ठिपका वाचकांनी ध्यानात ठेवावा. तेथून ते अणुबाँबच्या प्रकल्पासाठी लॉस अलामॉस येथे गेले आणि युद्धाच्या शेवटच्या काळात तेथील इलेक्ट्रॉनिक्स विभागाचे प्रमुख झाले. बाँबचा स्फोट ठरलेल्या क्षणी, सेकंदाच्या अत्यंत सूक्ष्म भागाचीही चूक न होता घडवून आणणारी विद्युतमंडले त्यांच्या विभागाने तयार केली. १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिली चाचणी झाली. त्यानंतर महिन्याच्या आत हिरोशिमा आणि नागासाकी बेचिराख झाली.

बाँबच्या कामात असलेल्या पुष्कळ शास्त्रज्ञांना नंतर पश्चात्ताप झाला. काहींनी लेख लिहिले, काही गप्प बसले. हिगिनबॉथम यांनी तिसरा मार्ग धरला, आणि मला तो अधिक मोलाचा वाटतो. त्यांनी लॉस अलामॉस सोडले आणि ते वॉशिंग्टनला येऊन राहिले. अणुशास्त्रज्ञांचा जो संघ १९४५ च्या अखेरीस उभा राहिला त्याचे ते पहिले अध्यक्ष आणि कार्यवाह. अणुशक्तीवर लष्कराचा वरचष्मा ठेवणारे विधेयक तेव्हा अमेरिकेच्या संसदेपुढे होते. तरुण शास्त्रज्ञांनी खासदारांच्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले, अणू म्हणजे काय हे त्यांना पहिलीच्या मुलांना शिकवावे तसे समजावले. अखेर अणुशक्तीचा कारभार मुलकी आयोगाकडे देणारा कायदा झाला आणि १ ऑगस्ट १९४६ रोजी त्यावर राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांची सही झाली. अणुशक्तीवर आंतरराष्ट्रीय नियंत्रण असावे ही शास्त्रज्ञांची दुसरी मागणी मात्र हवेत विरली. १९४९ साली रशियानेही बाँब उडवला.

यानंतर ते न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत आले. ही प्रयोगशाळा १९४७ साली एका जुन्या लष्करी छावणीच्या जागेवर सुरू झाली होती. अणूचा शांततेसाठी उपयोग हे तिचे उद्दिष्ट. तेथील उपकरण विभागाचे ते प्रमुख झाले. शास्त्रज्ञांना मोजमापासाठी लागणारी यंत्रे बनवून देणे हे या विभागाचे काम.

शेजारच्या गावांतील लोकांच्या मनात अशा जागेविषयी धास्ती असणे साहजिक होते. म्हणून दर शरद ऋतूत पाहुण्यांसाठी खास दिवस ठेवीत. छायाचित्रे, फलक, मांडून ठेवलेली यंत्रे असा तो थाट असे. लोक येत, पाहत आणि कंटाळत. १९५८ च्या ऑक्टोबरातील पाहुण्यांसाठी काहीतरी हाताळण्याजोगे करावे असे हिगिनबॉथम यांच्या मनात आले. विभागात डॉनर कंपनीचा एक लहान अ‍ॅनालॉग संगणक होता. आजच्या संगणकासारखा तो अंकांवर चालत नसे. त्यात प्रत्येक राशीच्या जागी विजेचा दाब असे. दाब चढला की राशी वाढली, उतरला की घटली. बंदुकीची गोळी, क्षेपणास्त्र किंवा उसळणारा चेंडू यांचा मार्ग त्यावर कसा काढावा, याची रीत त्याच्या माहितीपुस्तकात दिलेली होती. पुस्तक सर्वांनीच वाचले असेल. गोळी आणि क्षेपणास्त्र बाजूला ठेवून चेंडू उचलला तो हिगिनबॉथम यांनी.

कल्पना सुचायला त्यांना दोन-चार तास लागले. आराखडा काढायला दोन-चार दिवस. मग रॉबर्ट ड्व्होरॅक या तंत्रज्ञाने सुमारे दोन आठवड्यांत ती जोडणी प्रत्यक्षात उतरवली. असे लेख लिहिताना ड्व्होरॅकचे नाव पुष्कळदा गळते, म्हणून मुद्दाम येथे देतो. पडदा म्हणजे ऑसिलोस्कोपची पाच इंचांची गोल काच. त्यावर खाली एक आडवी रेघ, म्हणजे टेनिसचे मैदान. मधोमध एक उभी लहान रेघ, म्हणजे जाळी. आणि एक चमकता ठिपका, म्हणजे चेंडू. हे मैदान बाजूने पाहिल्यासारखे दिसे. वास्तविक काचेवर एका वेळी एकच किरण पडू शकतो. पण जमीन, जाळी आणि चेंडू यांच्यावरून तो इतक्या झपाट्याने आळीपाळीने फिरवला होता की डोळ्यांना तिन्ही एकदम दिसत. या झपाट्यासाठी त्यांनी ट्रान्झिस्टर वापरले. तेव्हा ते नवीनच निघाले होते. दोन खेळाडूंच्या हातांत दोन पेट्या. प्रत्येक पेटीवर चेंडूचा कोन ठरवण्यासाठी एक फिरती कळ आणि टोला मारण्यासाठी एक बटण. चेंडू जाळीवर आदळला की उसळून मागे येई. रिले बदलताना होणारा टक्-टक् आवाज आयताच टोल्याचा आवाज झाला. रॅकेट दिसत नसे आणि गुणही दाखवले जात नसत. कोण जिंकले हे खेळणाऱ्यांनीच ठरवायचे.

लोकांनी रांगा लावल्या. शेकडो माणसे त्या पाच इंची काचेसाठी ताटकळत उभी राहिली, आणि शेजारी मांडलेल्या इतर यंत्रांकडे कोणी फिरकेना. पुढच्या वर्षी मोठा पडदा आणला आणि आणखी एक गंमत केली. चंद्रावर टेनिस खेळलो तर चेंडू कसा उडेल, गुरूसारख्या जड ग्रहावर कसा पडेल, तेही खेळता येऊ लागले. गुरुत्वाकर्षण शिकवण्याची याहून सोपी रीत मला तरी ठाऊक नाही. १९५९ नंतर जोडणी सोडवली आणि सुटे भाग दुसऱ्या कामांना लावले. घरोघरी भांडी उसनी आणून लग्न पार पाडावे आणि दुसऱ्या दिवशी ती परत करावी, तसा तो प्रकार.

त्यांनी पेटंट घेतले नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या मंडलांसाठी त्यांच्या नावावर सुमारे वीस पेटंटे होती, म्हणजे पेटंट म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. पण माहितीपुस्तकात दिलेला उसळता चेंडू आपण खेळवला, यात शोध तो कसला, असे त्यांना वाटले. बाकीच्या जगाला तसे वाटले नाही. १९७२ साली राल्फ बेअर यांच्या कल्पनेवर आधारलेला 'ओडिसी' हा घरच्या टीव्हीला जोडण्याचा खेळ मॅग्नाव्हॉक्स कंपनीने बाजारात आणला. त्याच वर्षी अटारी कंपनीचे 'पाँग' आले. नाणे टाकून टेबलटेनिस खेळण्याचे ते यंत्र हॉटेले आणि पानगृहांतून पैसा ओढू लागले. मॅग्नाव्हॉक्सने पेटंटच्या आधारे एकेकाला कोर्टात खेचले आणि वसुली कोट्यवधी डॉलरांच्या घरात गेली. तेव्हा प्रतिपक्षाच्या वकिलांना ब्रुकहेवनच्या या जुन्या खेळाचा पत्ता लागला. बेअरच्या आधी कोणी असा खेळ केला होता असे सिद्ध झाले तर पेटंटच कोसळणार होते. हिगिनबॉथम यांची साक्ष झाली. निन्टेंडो कंपनीने १९८५ साली याच मुद्द्यावर दावा लावला. परंतु ऑसिलोस्कोपवरील ठिपका म्हणजे टीव्हीच्या चित्रसंकेतावर चालणारा खेळ नव्हे, असे ठरून मॅग्नाव्हॉक्सचे पेटंट टिकले.

त्यांनी पेटंट घेतले असते तर? आमच्या शाखेत हा प्रश्न पहिल्यांदा विचारला जातो. उत्तर सोपे आहे. प्रयोगशाळा सरकारी, तेव्हा पेटंट सरकारचे झाले असते आणि त्यांच्या खिशात काहीच आले नसते. मात्र कदाचित हा धंदा सर्वांना मोकळा राहिला असता.

आता चरित्राचा जो भाग सहसा दोन ओळींत उरकतात त्याकडे येतो. १९६८ मध्ये उपकरण विभाग सोडून हिगिनबॉथम ब्रुकहेवनमध्येच नव्याने निघालेल्या एका गटात गेले. युरेनियम आणि प्लुटोनियम शांततेच्या कामातून बाँबकडे वळवले जाऊ नये, यासाठी लागणारे तांत्रिक साहाय्य देण्याचे काम या गटाकडे होते. त्याच वर्षी अण्वस्त्रप्रसारबंदी करार सह्यांसाठी खुला झाला. हे काम वाचू लागलो तेव्हा मी चकित झालो, कारण ते आमच्याच विषयाचे निघाले. आरंभीची शिल्लक, अधिक आवक, वजा जावक, वजा प्रत्यक्ष मोजलेली अखेरची शिल्लक. उत्तर शून्य यायला हवे. शून्य आले नाही तर ती तूट. दुकानात साखरेची तूट निघाली तर उंदीर, ओल किंवा नोकर यांपैकी कोणाच्या तरी माथी मारता येते. प्लुटोनियमचे काही कण नळ्यांत चिकटतात, काही कचऱ्यात जातात, आणि प्रत्येक मापात थोडी चूक असतेच. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या निकषाप्रमाणे एका बाँबला पुरेल इतके प्लुटोनियम म्हणजे ८ किलो. समजा एखाद्या कारखान्यातून वर्षाला ८०० किलो प्लुटोनियम जाते. मोजण्यात शेकडा एक टक्का चूक राहिली, तर तेवढ्या चुकीत एक बाँब लपतो. ही चूक आहे की चोरी आहे हे कसे ओळखावे? म्हणून मापे अधिक अचूक करायची, चुकीची व्याप्ती संख्याशास्त्राने ठरवायची, कुलुपे आणि मोहोरा तपासायच्या. ज्यांनी स्फोटाचा क्षण मोजणारी मंडले केली त्यांनी आयुष्याचा उत्तरार्ध ही तूट मोजण्यात घालवला. या व्यवसायाच्या मुखपत्राचे तांत्रिक संपादन त्यांनी १९७४ पासून वीस वर्षे केले. त्या कामाभोवती कधीच कोणी रांग लावली नाही.

१९७४ हे वर्ष आपल्याही ओळखीचे. १८ मे रोजी पोखरणला आपली पहिली चाचणी झाली आणि तिच्या मागे राजा रामण्णा होते. तिच्यातील प्लुटोनियम तुर्भ्याच्या 'सायरस' अणुभट्टीतून आले होते. ही अणुभट्टी कॅनडाने शांततेच्या कामासाठी दिली होती. यानंतर जगभर हा हिशेब अधिक कडक झाला. भारतीय म्हणून माझे मन येथे दुभंगते. करारातील पाच बड्या राष्ट्रांच्या लष्करी साठ्यांना ही तपासणी लागू नाही. म्हणजे सावकाराची वही बंद आणि कुळाची उघडी. ही तक्रार मला आजही रास्त वाटते. पण ज्याने पहिला बाँब आपल्या हाताने जुळवायला मदत केली आणि मग जन्मभर प्रत्येक किलोचा हिशेब मागितला, त्या माणसाच्या हेतूविषयी शंका घ्यायला मला कारण दिसत नाही.

१९८४ साली, म्हणजे इंदूरच्या केंद्राची पायाभरणी झाली त्याच वर्षी, हिगिनबॉथम निवृत्त झाले. तोपर्यंत ते व्हिडिओ गेमचे आजोबा म्हणून प्रसिद्ध होऊ लागले होते. शाळकरी वयात ब्रुकहेवनला तो खेळ खेळलेले डेव्हिड आल यांनी आपल्या संगणकविषयक मासिकात १९८२ मध्ये त्याविषयी लिहिले होते, आणि तेव्हापासून चौकशा वाढल्या होत्या. ते सौजन्याने उत्तरे देत. आपली ओळख अण्वस्त्रप्रसार रोखण्याच्या कामासाठी राहावी, अशी मात्र त्यांची इच्छा होती.

१० नोव्हेंबर १९९४ रोजी जॉर्जिया राज्यातील गेन्सव्हिल येथे, वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९९७ साली ब्रुकहेवनच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त तेथील मंडळींनी तो टेनिसचा खेळ जुन्या आराखड्यांवरून पुन्हा उभा केला. जुन्या घडणीचे भाग बाजारात मिळेनासे झाले होते, त्यामुळे ड्व्होरॅक यांनी जे काम दोन आठवड्यांत केले होते त्याला या वेळी सुमारे तीन महिने लागले.