गाडगेबाबांचे भोळे प्रश्न

मी आज संत गाडगेबाबांची माहिती लिहितो.

त्यांचं खरं नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी आपल्याच अमरावती जिल्ह्यात शेंडगावला झाला. आईचं नाव सखुबाई. वडील दारूपायी लवकर वारले, म्हणून डेबू मामाच्या गावी दापुऱ्याला वाढला. तिथं तो गुरं राखायचा, नांगर धरायचा. शाळेत तो कधी गेला नाही. (हे वाचून आमच्या वर्गातला एक जण खूश होईल, पण पुढं वाचा.)

मामालाही वाचता येत नव्हतं. सावकाराचं कर्ज फेडलं तरी त्यांनी पावती घेतली नाही. सावकारानं वहीत हवं ते लिहिलं आणि चांगलं शेत गेलं. ही गोष्ट डेबूजी जन्मभर विसरले नाहीत.

१९०५ साली त्यांनी घर सोडलं. अंगात चिंध्यांचा सदरा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच आणि डोक्यावर मातीचं गाडगं. उन्हात ते टोपी, जेवताना तेच ताट! लोक त्यांना चिंधेबुवा म्हणायचे, गोधडेबुवा म्हणायचे. पोरं वेडा समजून मागं लागायची. सांगतात की एकदा त्यांचंच कीर्तन होतं आणि दारावरच्या माणसानं भिकारी समजून त्यांनाच आत सोडलं नाही. मला हे वाचून लय हसू आलं. आत सगळे त्यांची वाट बघतात आणि ते बाहेर उभे!

गावात आले की बाबा आधी खराटा घेऊन रस्ते झाडायचे. शहाणे लोक ओट्यावर बसून बघायचे. मग लाज वाटून एकेक जण खाली उतरायचा. रात्री कीर्तन. त्यात बाबा स्वतःला अडाणी म्हणवून घ्यायचे आणि लोकांना अगदी भोळे प्रश्न विचारायचे. अंधारात देव दिसतो का? लोक नाही म्हणायचे. दिवा लावला की दिसतो का? लोक हो म्हणायचे. मग मोठा कोण, देव का दिवा? लोक दिवा म्हणायचे आणि लगेच आपण काय बोललो ते कळून हसायचे. बाबा असेच विचारत राहायचे. कर्ज काढून सण करू नका, देवापुढं बकरं कापू नका, दारू पिऊ नका, शिवाशीव पाळू नका, हे सगळं ते हसवत हसवत सांगायचे. जेवणाचं ताट विका, भाकर हातावर घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला, असंही सांगायचे. स्वतः शाळेत न गेलेला माणूस हे सांगत होता.

मी हे का लिहितो ते सांगतो. माझी आजी अंगठा लावते. मी तिला हसायचो. आम्ही शेजारी रोज दोन लिटर दूध घालतो. ऑक्टोबरचा हिशेब मी वहीत गुणाकार करून मांडला, साठ लिटर. आजीनं चुलीमागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा मारल्या होत्या. ती बासष्ट म्हणाली. मी म्हटलं, तुला काय कळतं. तिनं मला रेघा मोजायला लावल्या. एकतीस भरल्या. मी महिना तीसच दिवसांचा धरला होता! त्या दिवशी मी जेवताना मान वर केली नाही. आजी मात्र हसत होती आणि मला दूधभात वाढत होती.

बाबांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथं धर्मशाळा बांधल्या. पैसा लोकांनी दिला. स्वतःसाठी त्यांनी एक खोलीसुद्धा ठेवली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना ते फार मानायचे. बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ ला गेले आणि गाडगेबाबा २० डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगावला. म्हणजे चौदा दिवसांनी. हे मी बोटांवर मोजलं, मग आजीकडून तपासून घेतलं.

आज आजी पालकसभेला आली आहे. तिला हे वाचता येणार नाही, म्हणून मीच तिला इथं उभं करून वाचून दाखवणार आहे. दुधाचा भाग आला की जरा हळू आवाजात वाचीन.