फादर स्टीफन्स यांचे ऋण



काही पुस्तके आपण वाचतो आणि कपाटात ठेवून देतो. काही पुस्तकांचे मात्र आपल्यावर ऋण असते, मग ती आपण वाचलेली असोत वा नसोत. मराठीत प्रार्थना करणाऱ्या आपल्यासारख्या ख्रिस्ती लोकांसाठी ‘ख्रिस्तपुराण’ हे असे पुस्तक आहे. ते लिहिणारा माणूस मराठी मुलखात जन्मलेला नव्हता, हे विशेष.

फादर थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात झाला. वडील व्यापारी होते. राणी पहिली एलिझाबेथ हिच्या राज्यात कॅथलिक श्रद्धा उघडपणे पाळणे धोक्याचे होते. थॉमस पाउंड या मित्राबरोबर रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश घ्यायचा, असे दोघांनी ठरवले. पण पाउंड पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे तुरुंगात गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोचले व १५७५ साली येशूसंघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी त्यांनी लिस्बन बंदर सोडले आणि त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला ते गोव्यास उतरले. प्रवासाची हकिकत त्यांनी वडिलांना पत्राने कळवली. मायदेशी मात्र ते पुन्हा कधीच गेले नाहीत.

गोव्यात त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि साष्टी भागातील लोकांची सेवा त्यांच्याकडे आली. पुढची सुमारे चाळीस वर्षे बहुतेक तिथेच गेली. लोकांची भाषा त्यांनी मन लावून आत्मसात केली. इथल्या भाषांचे ग्रीक व लॅटिनशी साम्य आहे, असे त्यांनी १५८३ साली भावाला पत्रातून कळवले होते. विद्वानांनी त्या गोष्टीचा पद्धतशीर विचार सुरू केला, तो त्यानंतर दोनशे वर्षांनी!

तो काळ सोपा नव्हता, आणि हे आपण प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पोर्तुगीज सत्तेने साष्टीतील देवळे पाडली होती. लोकांच्या मनात राग धुमसत होता. २५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळी येथे फादर रुडॉल्फ अक्वाविवा आणि त्यांचे चार येशूसंघीय सोबती मारले गेले. त्यांचे मृतदेह परत मिळवण्याचे दुःखद काम स्टीफन्स यांनी केले. पुढे पोर्तुगिजांनी गावच्या पुढाऱ्यांना ठार करून सूड उगवला. आपल्या सोबत्यांचे देह हाती घेतलेला माणूस त्या लोकांपासून मनाने दूर गेला असता, तर त्याला कोण बोल लावणार होते? स्टीफन्स तिथेच राहिले, आणि त्याच मुलखातील माणसांसाठी त्यांनी आपला ग्रंथ लिहिला.

तो लिहिण्यामागची गोष्ट त्यांनी ग्रंथातच सांगितली आहे. साष्टीतील एका चर्चमध्ये मुलांचे धर्मशिक्षण चालू होते. तिथे आलेल्या एका ब्राह्मणाने पाद्रींना विचारले, की आमची जुनी पुराणे वाचायला तुम्ही मनाई केली, मग त्यांच्या जागी तशी दुसरी पुराणे आम्हांला का देत नाही? आम्ही या प्रश्नापाशी नेहमी थांबतो. त्या माणसाला नुसती प्रश्नोत्तरे पुरत नव्हती. रात्री दिव्याच्या उजेडात चारचौघांत बसून ऐकावी, गावी, डोळे भरून यावेत, अशी कथा त्याला हवी होती. त्याच्याकडची कथा काढून घेणारे आपल्याच ख्रिस्तसभेचे लोक होते. तेव्हा त्याचे मागणे रास्त होते. फादर स्टीफन्स यांनी ते उद्धटपणा मानले नाही. ते त्यांनी कर्ज मानले आणि फेडायला घेतले.

ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ आहे. पहिल्या भागात विश्वाच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा येते, तर दुसऱ्या भागात प्रभू येशूचे चरित्र. ज्ञानेश्वर-एकनाथांनी वापरलेली ओवी त्यांनी वापरली. स्वर्गासाठी वैकुंठ हा लोकांच्या ओळखीचा शब्द घेतला. छपाई मात्र रोमन लिपीत करावी लागली. मराठीची थोरवी सांगणाऱ्या त्यातील ओव्या अनेकांना ठाऊक असतात. त्यापुढची पाने मात्र थोड्यांनीच उलटलेली असतात.

१६१९ साली फादर स्टीफन्स प्रभूघरी गेले. त्यांनी लिहिलेले कोकणी धर्मशिक्षणाचे पुस्तक १६२२ साली, तर कोकणीचे व्याकरण १६४० साली निघाले. ख्रिस्तपुराणही १६४९ व १६५४ मध्ये पुन्हा छापले गेले. पण १६८४ साली पोर्तुगीज सरकारने फर्मान काढले की, गोव्यातील लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. जिथे भाषाच नकोशी झाली, तिथे त्या भाषेतील ग्रंथ कोण छापणार? मूळ छापील प्रती नाहीशा झाल्या.

तरीही ग्रंथ टिकला, आणि तो साध्या भाविकांनी टिकवला. त्यांनी तो हाताने उतरवून घेतला. गोवा सोडून मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनी तो बरोबर नेला आणि उपवासकाळात गायला. अशाच हस्तलिखितांवरून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला तो पुन्हा छापला. १९५६ साली पुण्यात शांताराम बंडेलू यांनी तो देवनागरीत आणला. फादर नेल्सन फलकाव यांनी आजच्या मराठीत केलेले रूपांतर २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही जाडजूड परदेशी ग्रंथ वाचले आणि त्यांचाही लाभ झाला. पण आपल्याच घरात हे धन आहे, हे आम्हांला फार उशिरा उमगले. याची खंत वाटते, म्हणूनच हे लिहिले.

बंधूभगिनींनो, आज कोणीही फर्मान काढून आपली भाषा हिरावून घेत नाही. आपली मुले धर्मशिक्षणाच्या वर्गात मराठी अक्षर लावताना अडखळतात, तेव्हा दोष कोणाला द्यायचा? प्रभूने दहा कुष्ठरोग्यांना बरे केले. आभार मानायला एकच परत आला, आणि तो परका होता. स्टीफन्सही परके होते, तरी त्यांनी आपल्या भाषेचे आभार मानले. उरलेल्या नऊ जणांत आपली गणना होऊ नये. येत्या उपवासकाळात संध्याकाळच्या रोझरीनंतर घरातल्या लहानग्याकडून ख्रिस्तपुराणाचे एक पान वाचून घ्या. तो अडखळला तर अडखळू द्या. आजी-आजोबांनी शेजारी बसावे आणि पुढचा शब्द सांगावा. हा ग्रंथ आजवर असाच एकाकडून दुसऱ्याकडे येत राहिला आहे.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू