साडीतली मरीया

आजचं वाचन : मार्क ६:१-६

नासरेथच्या सभास्थानात येशू शिकवतोय आणि गावकऱ्यांना दिसतो फक्त आपल्या आळीतला सुतार. हा उतारा आला की मला आंजेलो द फोन्सेका आठवतात. इतकी वर्षं आपल्या पुण्यात राहिलेला हा चित्रकार, आणि मला तिशी उलटेपर्यंत त्यांचं नावही माहीत नव्हतं!

जन्म १९०२चा, गोव्यातल्या सांत इस्तेव बेटावर, कॅथलिक घरात. गोव्यावर तेव्हा पोर्तुगिजांचं राज्य. मुंबईला डॉक्टरकी शिकायला गेले आणि ती सोडली. (इंजिनिअरिंग सोडायचा विषय मी घरी एकदाच काढला होता, त्यामुळे पुढचं चित्र डोळ्यांसमोर येतं.) मग जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. तिथेही टिकले नाहीत, थेट बंगाल गाठलं. अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकले. तिथली जलरंगाची वॉश पद्धत म्हणजे चिकाटीचं काम. पातळ रंग द्यायचा, वाळू द्यायचा, पाण्याने धुवायचा, पुन्हा रंग द्यायचा. मुरला तेवढाच रंग कागदावर राहतो.

गोव्यात परतल्यावर त्यांनी मरीया काढली ती साडी नेसलेली, सावळी, आपल्याकडच्या बाईसारखी. येशू आपल्याकडच्या साधूसारखा. लोक भडकले. आपली पवित्र माता अशी?

मी त्या लोकांना सरसकट दोष देत नाही. आमच्या आजीच्या खोलीत गोऱ्या, निळ्या डोळ्यांच्या मरीयेची तसबीर होती. आजी रोज संध्याकाळी तिच्यासमोर रोझरी म्हणायची. ही मरीया खरी नव्हे, असं कुणी म्हटलं असतं तर आजीला ते लागलंच असतं. पण गालीलातली ती यहुदी मुलगी युरोपियनही नव्हतीच ना? फोन्सेकांनी फक्त तिला आपल्या अंगणात आणलं.

गोवा सोडून ते पुण्यात आले, शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात. हा आश्रम जॅक विन्स्लो या इंग्रज धर्मगुरूंच्या संघाचा. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा विन्स्लोंवर मोठा प्रभाव होता. खादी, साधं राहणं, भारतीय पद्धतीची उपासना. गंमत बघा, आश्रम अँग्लिकन आणि फोन्सेका कॅथलिक. त्या काळी हे दोघे एकत्र प्रार्थनाही करत नसत. तरी त्यांना जागा मिळाली ती इथेच, आणि कॅथलिक श्रद्धा त्यांनी सोडली नाही. मला त्यांच्या चित्रांपेक्षाही हे जास्त भिडतं. आपल्याच लोकांनी झिडकारल्यावर त्या श्रद्धेत टिकून राहणं मला जमलं असतं का, खरंच माहीत नाही.

तिथे त्यांनी शेकडो चित्रं काढली. १९५१मध्ये आयव्हींशी लग्न झालं. १९६२ ते १९६५ या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद भरली आणि स्थानिक संस्कृतीतून उपासना करायला चर्चनेच दार उघडलं. फोन्सेका १९६७मध्ये गेले.

चित्रं आयव्हींनी वर्षानुवर्षं जपली. पुढे त्यांतली बरीचशी त्यांनी पर्वरीच्या झेवियर सेंटरकडे सोपवली. म्हणजे गोव्यातच, आणि तीही जेझुइटांच्या संस्थेत. पुढच्या सुट्टीत गोव्याला जाणार असाल तर बीचवरून एक सकाळ काढा.